परत पाठवणारी बाई

न रडणारं बाळ बघितलं की मला आता धडकीच भरते. लग्नाकार्यात कुणी तान्हं मांडीवर घेऊन बसलेली असते, बायका वाकून वाकून बघतात, "किती शहाणं गं, हूं नाही की चूं नाही" म्हणतात, आणि मी मधे घुसून विचारते, "टाचेतलं रक्त तपासलं का? कागद हातात आला का? कुणी वाचला का?" आई बिचारी घाबरते. सासू माझ्याकडे डोळे वटारते. आमच्या घरची माणसं मला कोपरानं ढोसतात. पण विचारल्याशिवाय माझा पाय तिथून निघत नाही.

ही खोड मला लागली ती अनघा सबनीसमुळे. अनघा डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. आमच्या हॉस्पिटलात येणाऱ्या मेलची राखण करणारी बाई होती.

मैसूरच्या कुवेंपुनगरात आमचं घर आहे. माडीवरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं देतो. अनघा सांगलीहून नोकरीसाठी आली आणि तिथं राहिली. एकटी, चाळिशीची, केस आखूड, चष्मा सारखा नाकावर घसरलेला. सामान लावून झालं असेल म्हणून पहिल्याच दुपारी मी बिसीबेळे भाताचा गरम डबा घेऊन वर गेले नि कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मीच की!"

"नाव सांगा."

बघा आता. माझ्याच घराच्या माडीवर, माझ्याच दाराबाहेर, पदरानं डबा धरून मी माझं नाव सांगितलं. "रुक्माबाई माने. खालची. भात आणलाय."

तेव्हा कडी निघाली. ती हसत होती. "रागावू नका हं. आवाज ओळखला होता मी."

"मग उघडलं का नाही?"

"आवाज कुणीही काढतं, रुक्माबाई."

मी आ वासून बघत राहिले. मग तिनं डबा उघडला, वास घेतला आणि उभ्याउभ्याच चमच्यानं अर्धा संपवला. तेव्हा मला कळलं, बाई वेडी नाही. दार आणि माणूस यांच्यात तिचा काहीतरी वेगळा हिशोब आहे, एवढंच.

आमची मराठी ऐकून तिला मजा वाटायची. आम्ही इथलेच. राजाच्या फौजेत आमचे पूर्वज आले नि इथंच राहिले. घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कन्नड. शाळा माझी कन्नडातली, तीही लवकर सुटलेली. मराठी वाचायला मी आपली आपणच शिकले, आणि लिहायला हात बसला तो अनघाकडची मासिकं उतरवून काढून. "तुम्ही बोलता तसंच लिहा," ती म्हणायची, "फक्त कोण बोलतंय ते आधी सांगत जा." तिची सगळी शिकवण अशी. कोण बोलतंय, ते आधी.

मी जयलक्ष्मीपुरमच्या एका लहान मुलांच्या हॉस्पिटलात चौकशीच्या टेबलावर बसत असे. नाव राहू दे त्याचं. छोटं हॉस्पिटल, एक मोठे डॉक्टर, म्हणजे मालकही तेच. तिथंच अनघा कॉम्प्युटरचं बघायला आली. सगळे तिला सबनीस मेडम म्हणत, मला रुक्माक्का. पुढे तीही मला रुक्माक्का म्हणायला लागली.

तिचं काम काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एका रविवारी गच्चीत मी सांडगे घालत होते, ती मदतीला बसली होती, म्हणजे कच्चेच खात होती. मी विचारलं, "तू दिवसभर करतेस काय गं?"

"टपाल कचेरी चालवते," ती म्हणाली. "मेल सर्व्हर म्हणजे तेच. बाहेरून मेल येतो, मी बघते, आत घेते, नाहीतर परत पाठवते."

"वाचतेस सगळ्यांचं?"

"छे! मजकूर नाही वाचत. डोकं बघते. प्रत्येक मेलला डोकं असतं, हेडर म्हणतात त्याला. कोणी पाठवला, कुणाला, कधी. ते कसं लिहायचं याचे नियम ठरलेले आहेत, जगभर एकच. पाठवणारा लिहिलेला पाहिजे, आणि एकच पाहिजे. तारीख पाहिजे. नियमात नसेल तर परत."

"आणि थोडंसंच चुकलं असेल तर?"

"परत."

"काय म्हणायचंय ते कळतंय, तरी?"

"रुक्माक्का, कळतंय म्हणजे आपण अंदाज करतोय. अंदाज करणं माझं काम नाही."

अंदाज करणं माझं काम नाही. हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं, सांगता येत नाही. रिक्षावाला म्हणाला, "मेडम, तिकडं मंदिराजवळच ना?" तरी हेच. भाजीवालीनं पावशेर म्हणून मूठभर मिरच्या टाकल्या तरी हेच. आणि आमचं मैसूर कशावर चालतं, तर 'स्वल्प अड्जस्ट माडी'वर. म्हणजे जरा सांभाळून घ्या. बसमधे तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो हे म्हणत, लग्नात पंगत कमी पडली तर हे म्हणत. त्या गावात ही बाई येऊन पडली.

मोठ्या डॉक्टरांशी तिची पहिली चकमक झाली ती औषधं पुरवणाऱ्या एका दुकानदारावरून. त्याच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बंद पडलेलं, मेलवर तारीख कुठल्यातरी जुन्या काळातली. अनघानं परत पाठवला. त्यानं पुन्हा पाठवला, हिनं पुन्हा परत. तो तणतणत हॉस्पिटलात आला.

डॉक्टर म्हणाले, "मेडम, ओळखीचा माणूस आहे. तुमच्या मशीनला कळत नाही का?"

"मशीनला ओळख नसते सर. म्हणून तर ते दारावर ठेवायचं."

"स्वल्प अड्जस्ट माडी हो!"

"घड्याळ त्यांना अड्जस्ट करू द्या. सोपं आहे."

मी टेबलाखाली तोंड घालून हसले. दुकानदारानं घड्याळ लावलं. तेव्हा त्याला कळलं, त्याच्या बिलांवरच्या तारखाही भलत्याच पडत होत्या. पुढच्या खेपेला तिच्यासाठी मैसूरपाक घेऊन आला.

पण ती अशी का झाली, हे तिनं मला एकदाच, पुन्हा सांडगे घालताना, सांगितलं. आधी ती एका कॉलेजात होती, तिकडे महाराष्ट्रात. तिथला सर्व्हर तिच्या वरच्या साहेबानं सैल ठेवला होता, चुकलंमाकलं सगळं आत घ्यायचं. परीक्षेच्या तोंडावर मुलांना मेल आला. पाठवणाऱ्याच्या ओळी दोन. मशीननं तपासली एक, मुलांच्या पडद्यावर दिसली दुसरी, प्राचार्यांच्या नावाची. परीक्षेचं ठिकाण बदललंय, अमुक गावी या. कुणीतरी खोडसाळपणा केलेला. मुलं पहाटेच्या एस्टीनं भलत्या गावी जाऊन कुलूपबंद शाळेसमोर उभी राहिली.

"त्यातल्या एका मुलीचा फोन मीच घेतला," अनघा म्हणाली. "ती म्हणत होती, मॅडम, इथं कुणीच नाही. एवढंच सारखं म्हणत होती."

हे सांगताना तिनं हातातला सांडगा ठेवून दिला होता. तेव्हापासून तिचा नियम एक. एका पत्राला पाठवणारा एक. दोन असतील तर त्यातला एक खोटा आहे, आणि कोणता, याचा अंदाज करणं आपलं काम नाही.

मला पटलं होतं ते. अगदी पटलं होतं. म्हणून तर पुढचं जे झालं, त्याचा धक्का अजून पचत नाही.

त्याच्या आधी आमच्या घरी माझ्या पुतण्याचं लग्न निघालं. पत्रिका छापून आली, पहिली अनघाला दिली. तिनं वाचली, चष्मा वर सरकवला. "निमंत्रण देतायत ते हे तुळजोजीराव कोण? मला भेटवलं नाहीत कधी."

"माझे थोरले दीर. जाऊन बरीच वर्षं झाली."

"मग लग्नाला बोलावतंय कोण?"

"धाकटे. मुलाचे वडील."

"मग त्यांचं नाव?"

"अय्यो, थोरला असेपर्यंत धाकट्याचं नाव वर येत नाही," मी म्हटलं. "आणि थोरला गेल्यावर तर मुळीच नाही. बरं दिसतं का ते?"

ती हसून हसून लाल झाली. "आणि मला यायला जमणार नसलं, तर कळवायचं कुणाला? तुळजोजीरावांना?"

आम्ही सगळेच हसलो. माझी जाऊ पण हसली. आता ते हसणं आठवलं की कसंतरी होतं.

गावाबाहेरच्या वरुणाकडच्या एका खेड्यातून पुट्टम्मा नावाची बाई आमच्या गल्लीत दूध घालायची. एका सकाळी ती मुलाच्या बाईकवर मागे बसून नात दाखवायला घेऊन आली. महिन्याची व्हायला आलेली पोर. गौरी नाव. अनघा ऑफिसला निघाली होती, तीही थांबली. पोर गोरीपान, गुबगुबीत, जराशी पिवळी. झोपलेली.

"सारखी झोपते अक्का," पुट्टम्मा कौतुकानं सांगत होती. "रडणं म्हणून नाही. दूध पाजायला उठवावं लागतं. माझ्या पोरांनी मला एक दिवस झोपू दिलं नव्हतं, आणि ही बघ, देवाची पोर."

मी म्हटलं, "पुण्यवान आहेस." माझी जाऊ म्हणाली, "दृष्ट काढ गं." अनघानं त्या पोरीच्या तळहाताला बोट लावलं. बोट काही पोरीनं धरलं नाही. "आज लस आहे," पुट्टम्मा म्हणाली, "तुमच्याच हॉस्पिटलात चाललोय. सून मागनं बसनं येतेय."

दुपारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. तसे ते कधी येत नाहीत, बेल मारतात. "रुक्माक्का, या बाळाचा टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट कुठं आहे?"

मी शोधलं. नव्हता.

वरुणाकडच्या खेड्यांतली बाळं जन्मली की तिथल्या एका छोट्या लॅबमधे टाचेतलं रक्त तपासतात आणि रिपोर्ट आमच्याकडे येतो. मी लॅबला फोन लावला. नागराज म्हणून मुलगा ती चालवायचा.

"कधीच पाठवला अक्का!" तो म्हणाला. "नवीन कॉम्प्युटर घेतला ना आम्ही, आता आपोआप मेल जातो. मुद्दाम पहिल्या ओळीत लिहिलंय, हे बाळ लगेच बघा म्हणून."

"पूर्वी फोन करायचास की रे!"

"आता मेल जातो म्हणून फोन बंद केला."

मी अनघाला बोलावलं. ती आली, तिच्या पडद्यावर काहीतरी बघितलं, आणि उभीच राहिली. 

"आपल्या सर्व्हरनं परत पाठवलाय," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "मी परत पाठवलाय. पाठवणाऱ्याच्या ओळी दोन आहेत."

डॉक्टर काहीच ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुट्टम्माच्या सुनेला हळू आवाजात कन्नडात सांगत होते, गळ्यातली एक ग्रंथी या बाळाची काम करत नाही, औषध जन्मल्याबरोबर सुरू करायचं असतं, नाहीतर डोकं वाढत नाही. उशीर झालाय, आजपासून रोज गोळी. सून विचारत होती, "पण ती त्रास देत नव्हती हो. त्रास देत नव्हती." पुट्टम्मा भिंतीला टेकून खाली बसली. पोर तशीच शांत, माझ्या टेबलावर.

"पुढं बोलेल ना?" पुट्टम्मानं विचारलं.

"बोलेल तेव्हा कळेल," डॉक्टर म्हणाले.

अनघानं पर्स उचलली. "रुक्माक्का, मला लॅब दाखवा." आम्ही बसनं गेलो. वाटेत ऊस, भात, म्हशी, काहीतरी दिसतच होतं. ती एकदाच म्हणाली, "परत पाठवला की पाठवणाऱ्याला चिठ्ठी जाते. तुमचं पत्र घेतलं नाही, अमुक कारणानं. ती जायलाच पाहिजे. मग त्यानं वाचली का नाही?"

लॅब म्हणजे घराचीच पुढची खोली. नागराज पंचविशीतला, अंगात पांढरा कोट. त्याला फोनवरच कळलं होतं. अनघानं खुर्ची ओढली, त्याच्या कॉम्प्युटरवर बघितलं. "हे शिवण्णा कोण? पाठवणारा म्हणून आधी त्यांचं नाव आहे, खाली तुमचं."

"अण्णा माझा. लॅब त्याचीच. त्याच्या नावाशिवाय कागद बाहेर कसा पाठवू मेडम? प्रोग्राम करणाऱ्याला मीच सांगितलं, अण्णाचं वर, माझं खाली."

"परतीची चिठ्ठी अण्णांच्या मेलवर जाते. तो कोण उघडतं?"

"अण्णाच उघडायचा."

"उघडायचा?"

नागराजनं खाली बघतच सांगितलं. अण्णा स्कूटरवरून पडून गेला होता. वर्ष होत आलं होतं. आई फोटो लावू देत नव्हती, हार बघवत नाही म्हणून. तेव्हा याच्याकडे अण्णाचं म्हणून ठेवायला राहिलं काय, तर कागदावरचं नाव.

तुळजोजीराव आठवले. अनघानं माझ्याकडे बघितलं, आणि तिलाही तेच आठवलं, हे मला दिसलं.

"त्यांचा फोन?" तिनं विचारलं.

फोन देवघरात होता, कुंकवाच्या करंड्याशेजारी, बंद. नागराजनं आणला, तारेला लावला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे. थोड्या वेळानं पडदा उजळला. मग तो वाजायला लागला. एक वाजलं, मग एक, मग थांबेचना. आमच्या हॉस्पिटलातून गेलेल्या चिठ्ठ्या, सगळ्या शिवण्णाच्या नावानं. घेतलं नाही, घेतलं नाही, घेतलं नाही.

आतून म्हातारी आई धावत आली. पिठानं भरलेले हात तसेच. त्या फोनचा आवाज तिनं ओळखला होता. दारात थांबून तिनं विचारलं, "शिवा बंद्ना?" शिवा आला का?

फोन वाजतच होता. शेवटी मी पुढं होऊन त्या माऊलीला धरलं. अनघा फोन हातात घेऊन उभ्याउभ्या एकेक चिठ्ठी उघडून कुठल्या बाळाचा रिपोर्ट अडकला होता ते बघत होती, नागराज कपाटातून त्या त्या बाळाचा कागद काढत होता. बाकीची बाळं ठीक होती. एकटी गौरीच. अनघाचं सगळं बघून होईपर्यंत मी म्हातारीला धरून होते, आणि तिच्या हातचं पीठ माझ्या साडीला लागत होतं.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी अनघाला बोलावलं. मलाही, कारण फोन मी केला होता.

"आजपासून सगळं आत घ्या," डॉक्टर म्हणाले. "डोकं नाही, शेपूट नाही, काही असो. घ्या."

"नाही सर."

माझा कानांवर विश्वास बसेना. रात्रभर वरच्या खोलीत तिच्या येरझारा मी खाली ऐकल्या होत्या. तरी नाही?

"मेडम, एक मूल वाया गेलं असतं."

"म्हणूनच नाही," ती म्हणाली. "दोन नावांचं पत्र मी आत घेतलं, तर उद्या कुणीही लॅबचं नाव दाखवून आत येईल. 'बाळ ठणठणीत आहे, बघायची गरज नाही' असं खोटं पत्र आलं तर? तुम्ही ते खरं धराल. दार उघडं टाकायला सांगू नका सर. मला काढायचं असेल तर काढा."

"आणि हे जे झालं ते?"

"ते माझ्यामुळे झालं. नियमामुळे नाही. मी परत पाठवलं आणि हात झटकले. परत कुणाच्या हातात गेलं, ते बघितलं नाही. नियमात तेवढं लिहिलेलं नाही, म्हणून बघितलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "रुक्माक्का, तुमची ही भाडेकरू घरी पण अशीच असते का?"

"घरी जास्त," मी म्हटलं.

"मग करणार काय तुम्ही, मेडम?"

"परत पाठवीन. पण परत पाठवलेलं प्रत्येक मी बघीन, आणि लॅब, दवाखाना, आईबाप, कुणाचंही असलं तर फोन करीन. माणसाचा आवाज ऐकू येईपर्यंत."

खरं सांगू? कोण बरोबर, मला आजही ठरवता येत नाही. मी असते तर दार उघडलं असतं. आम्ही मैसूरची माणसं, आम्हाला दारात कुणाला ताटकळत ठेववत नाही. पण त्या कॉलेजच्या मुलीचं 'मॅडम, इथं कुणीच नाही' हेही माझ्या कानातून जात नाही.

तिनं शब्द पाळला. रोज सकाळी कॉफीचा लोटा घेऊन फोन लावत बसायची. कन्नड तिचं दिव्य. पहिला फोन मी ऐकला. "नमस्कारा. नानु हास्पिटल. निम्म मेल बेडा." म्हणजे, मी हॉस्पिटल, तुमचा मेल नको! पलीकडच्यानं शिव्याच घातल्या असाव्यात. मी हिसकावून घेतला फोन. मग तिला पाठ करून दिलं, चुकलंय, नीट करून पाठवा, आम्ही वाट बघतोय. ते 'वाट बघतोय' तिनं स्वतःहून घालून मागितलं. लोक चक्रावायचे. तुमचं पत्र घेतलं नाही, हे सांगायला कुणी फोन करतं का? एक म्हातारा कंपाउंडर तर पुढे रोज फोनची वाट बघायचा, आणि फोन आला नाही की हाच करायचा, "मेडम, आज माझं काही चुकलं नाही का?"

आणि दार? दारही सांगते. त्यानंतरही मी कडी वाजवली की "कोण?" यायचंच. "मी" म्हटलं की "मी म्हणजे कोण?" हेही. बदललं एवढंच, की पूर्वी ती आतल्या खोलीतून ओरडायची. आता दाराशी येऊन विचारायची. फळीच्या पलीकडे तिचा श्वास ऐकू यायचा.

गौरीचं मात्र ती कुणाला विचारायची नाही. पुट्टम्मा दूध घालायला आली की ही जिन्यात थांबायची, चप्पल घालायचं निमित्त करून. पुट्टम्माही ओळखायची. मला सांगायच्या निमित्तानं मोठ्यानं म्हणायची, "काल मान धरली हो अक्का." "काल उपडी पडली." चपलेचा पट्टा बराच वेळ लागायचा नाही.

पुढं हॉस्पिटलनं मेलचं काम बाहेरच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीला दिलं. राखणाऱ्या बाईची गरज उरली नाही. ते काय आत घेतात, काय फेकतात, आता कुणालाच कळत नाही, आणि फोन तर कुणी करतच नाही. अनघानं सांगलीला परत जायचं ठरवलं. तिच्या निघायच्या सुमारास पुट्टम्मा निरोप घेऊन आली, गौरीचं जावळ आहे, दोघींनी यायचं. तिकडं त्याला मुडी म्हणतात, देवळासमोर करतात.

"मी येत नाही," अनघा म्हणाली.

"का गं?"

"बोलते का ती?"

वर्ष उलटून गेलं होतं, आणि पुट्टम्मानं त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. अनघानं ते बरोबर टिपलं होतं. तरी मी तिला ओढत नेलं. जाताना लॅबवरून गेलो. आत कॉम्प्युटरच्या वर शिवण्णाचा फोटो लागला होता, हार घातलेला. खाली मशीन नागराजच्या एकट्याच्या नावानं कागद काढत होतं. म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. तिनं आम्हाला बघून मान हलवली.

देवळासमोर गर्दी. न्हाव्यानं वस्तरा लावला मात्र, गौरीनं अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले. अंग वाकडं करून, लाल होऊन, पाय झाडत ती रडत होती. आई चुचकारतेय, मामा खुळखुळा वाजवतोय, सगळ्या बायका "आयतु, आयतु", झालं झालं म्हणतायत. पोर कुणाचं ऐकत नव्हती. हात पुढे करून, पुट्टम्माकडे बघून, ती बोंबलली, "अज्जी!"

एकदा नाही. अज्जी, अज्जी, अज्जी.

पुट्टम्मा धावली तिला उचलायला, गप्प करायला. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला. अनघानं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, एका हातात चपला, केसांत कुणीतरी माळलेला मोगऱ्याचा गजरा वाकडा. परक्या घरच्या कार्यात, सगळ्या पै-पाहुण्यांसमोर, ही दाराआडून नाव विचारणारी बाई पुट्टम्माला मागे ओढून म्हणाली, "अळली बिडी."

रडू दे.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचं लक्ष नव्हतं. त्या पोरीच्या उघड्या तोंडाकडे बघत ती तशीच उभी होती, चपला हातात धरून.